खोली कोणाची? दोन मांजरांच्या घरात आलेल्या पिल्लाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातला दोन बेडरूमचा फ्लॅट. आई, वडील, सहावीत शिकणारा मुलगा आणि आजी. घरात आधीपासून दोन मांजरं. मनी नऊ वर्षांची, सोन्या चार वर्षांचा बोका. दोघांचीही नसबंदी झालेली, दोघंही घराबाहेर न जाणारी. मांजरांची नावं आणि कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बाकी सगळं घडलं तसं आहे.

मनी आणि सोन्याचं चांगलं जमायचं. दुपारी हॉलमधल्या सोफ्यावर पाठीला पाठ लावून झोपायची, मनी त्याचं डोकं चाटायची. पण वयानुसार मनीचं खेळणं जवळपास थांबलं होतं आणि सोन्या तिच्या अंगावर उड्या मारून तिला बेजार करायचा. त्याला बरोबरीचं कुणी मिळालं तर मनीलाही निवांतपणा मिळेल, असा आईचा विचार. मुलाला पिल्लू हवंच होतं.

टिकली जुलैच्या पावसात एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडली होती. तेव्हा ती जेमतेम तीन-चार आठवड्यांची. पांढरीशुभ्र, कपाळावर काळा ठिपका. एका ताईंनी तिला आपल्या घरी वाढवलं. ऑगस्टच्या मध्यावर ती या कुटुंबाकडे आली तेव्हा नऊ आठवड्यांची होती, वजन नऊशे ग्रॅमच्या आसपास. जंताचं औषध झालेलं, मांजरांच्या ट्रायकॅट लसीचा पहिला डोस झालेला, मांजरांच्या ल्युकेमिया विषाणूची रक्ततपासणी निगेटिव्ह. माणसांना ती अजिबात बुजत नव्हती. मांजराच्या पिल्लाला माणसाची सवय लागण्याचा महत्त्वाचा काळ साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा असतो आणि त्यातला बराचसा तिने त्या ताईंच्या मांडीवर काढला होता.

दत्तक दिल्यानंतर कुटुंबांच्या संपर्कात राहायचं काम मी करते. त्यामुळे हे प्रकरण सुरुवातीपासून माझ्यासमोर उलगडत गेलं.

पहिला निर्णय: कुठे ठेवायचं

नवं पिल्लू आलं की दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवायचं, हे त्या घरात सगळ्यांना मान्य होतं. त्याची कारणंही त्यांना ठाऊक होती. मांजरांचा पार्वो, म्हणजे पॅनल्यूकोपेनिया, अंगात शिरल्यावर लक्षणं दिसायला काही दिवस जातात. पिल्लू सकाळी खेळतं आणि संध्याकाळी उलट्या सुरू होतात. हा विषाणू इतका चिवट की फरशीवर, कपड्यांवर महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या साबणाने मरत नाही. त्याला पातळ केलेलं ब्लीच लागतं. शिवाय गजकर्ण. पिल्लांच्या कानामागे, पंजांवर येतं, दिसायला एक-दोन आठवडे लागतात, आणि माणसांनाही होतं. मनी आणि सोन्याच्या लसी वेळच्या वेळी झालेल्या होत्या, तरी कुटुंबाने धोका पत्करला नाही.

प्रश्न खोलीचा होता. तीन जागा होत्या: मुलाची छोटी बेडरूम, आईवडिलांची मोठी बेडरूम, किंवा हॉलच्या कोपऱ्यात मोठा पिंजरा. पिंजरा लगेच बाद झाला, कारण तिन्ही मांजरं सतत एकमेकांच्या नजरेत राहिली असती. मोठ्या बेडरूमला वडिलांचा विरोध, त्यांना पहाटे लवकर उठावं लागतं. मुलगा तर पिल्लासोबत झोपायला एका पायावर तयार. छोटी बेडरूम ठरली.

माणसांच्या सोयीने पाहिलं तर निवड अगदी योग्य होती. पण त्या खोलीत दोन गोष्टी होत्या. एक खिडकी, जिच्या ग्रिलमध्ये बसून सोन्या रोज सकाळी समोरच्या आंब्यावरच्या खारी बघायचा. आणि पलंगाशेजारी घरातल्या दोन लिटर ट्रेपैकी, म्हणजे मांजरांच्या शी-शूसाठी वाळू भरलेल्या ट्रेपैकी एक, जो मुख्यतः सोन्या वापरायचा. तो ट्रे उचलून ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या बाजूला ठेवला गेला. दुसरा ट्रे मोठ्या बेडरूमच्या बाथरूममध्ये होता, तो मनीचा.

टिकली घरात आली त्याच संध्याकाळी, तिचं तोंडही पाहायच्या आधी, सोन्याची खिडकी गेली आणि ट्रेची जागा गेली. पुढे जे झालं त्याचं मूळ मला इथे दिसतं. दोन मांजरांची गाठ कशी घालून द्यायची याची चर्चा सगळे करतात, पण आधी कुणाच्या हक्काची जागा जातेय हे फारसं कुणी पाहत नाही.

पहिले दोन आठवडे

टिकलीचं उत्तम चाललं होतं. ट्रे वापरत होती, चार वेळा खात होती, आठवड्याला शंभर ग्रॅमच्या आसपास वजन वाढत होतं. मुलाच्या चादरीत शिरून घुरघुरायची.

मनी दाराजवळ एकदा आली, फटीतून वास घेतला, तोंड अर्धवट उघडं ठेवून क्षणभर थांबली आणि निघून गेली. ते तोंड उघडं ठेवणं म्हणजे टाळूपाशी असलेल्या वासाच्या वेगळ्या अवयवापर्यंत गंध पोहोचवणं. नव्या मांजराची बरीचशी माहिती तिला तिथेच मिळाली असणार.

सोन्या मात्र त्या दारासमोर तासन्‌तास बसायला लागला. घरच्यांना हे कौतुकाचं वाटलं. बहिणीची वाट बघतोय, म्हणून फोटोही काढले गेले. ते फोटो आईने मला पाठवले तेव्हा त्याचे कान किंचित बाजूला वळलेले होते आणि शेपटी अंगाभोवती घट्ट गुंडाळलेली. मी त्याचं खाणं, पिणं आणि ट्रे यांवर लक्ष ठेवायला सांगितलं. तो थोडं अन्न टाकतोय, एवढंच तेव्हा कळलं. लघवीचं कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण ड्राय बाल्कनीतल्या ट्रेमध्ये लघवीने घट्ट झालेल्या वाळूचे नेमके किती गोळे निघतात हे कुणी मोजत नव्हतं.

दुसरा निर्णय: गणपतीचे पाहुणे

चतुर्थीच्या आदल्या दिवशी नागपूरहून पाहुणे येणार होते आणि छोटी बेडरूम त्यांना द्यायची होती. तोवर टिकलीचे वेगळे ठेवण्याचे दोन आठवडे जवळपास भरले होते. घरात बसून पर्याय मांडले गेले. सांभाळणाऱ्या ताई गणपतीपुरतं पिल्लू परत घ्यायला तयार होत्या. मोठ्या बेडरूममध्ये हलवता आलं असतं. पिंजऱ्याचा विषय पुन्हा निघाला. आणि चौथा पर्याय, दार उघडून टाकायचं.

आजी म्हणाल्या, "किती दिवस कोंडून ठेवायचं त्या जिवाला? आमच्या वाड्यात मांजरं यायची-जायची, कुणी कुणाची ओळख करून दिली होती का?"

यात तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. वाड्यात मांजरांना अंगण होतं, माळा होता, भिंतीवरून पलीकडे जायची सोय होती. न पटणारं मांजर निघून जायचं. सातशे चौरस फुटांच्या बंद फ्लॅटमध्ये निघून जायला जागा नसते. ताईंकडे परत पाठवायला आईचं मन होईना. इतकी रुळलेली पोर पुन्हा हलवायची, तिला काय वाटेल? हा विचार प्रेमाचाच होता, पण त्यात टिकलीची बाजू तेवढी धरली गेली. तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू ओळखीच्या घरी दहा दिवस राहून आलं तर त्याचं फारसं बिघडत नाही. चार आणि नऊ वर्षांच्या मांजरांना मात्र आपलं घर बदललेलं सहजासहजी पचत नाही.

दार उघडायचं ठरलं. पाहुणे पोहोचले त्याच संध्याकाळी.

टिकली सरळ धावत जाऊन मनीच्या तोंडाला तोंड लावायला गेली. मनी फिस्कारली आणि तिने नखं न काढता एक चापट मारली. इथवर सगळं नेहमीसारखं. मोठ्या मांजराने पिल्लाला अंतर राखायला शिकवणं म्हणजे भांडण नव्हे. पण तेवढ्यात एका पाहुण्याने घाबरून जोरात टाळी वाजवली, टिकली सोफ्याखाली घुसली, आणि मागून सगळं बघत असलेला सोन्या, पाठीवरचे केस उभे करून, मनीवर तुटून पडला. पिल्लाकडे तो गेलाच नाही.

याला वळलेला राग म्हणता येईल. मांजर ज्या गोष्टीने पेटलंय तिच्यापर्यंत पोहोचता येत नसेल, तर जवळ जो असेल त्याच्यावर ते राग काढतं, मग तो वर्षानुवर्षांचा सोबती का असेना. आणि अडचण अशी की मार खाणाऱ्याच्या मनात मारणाऱ्याची ओळखच बदलते. वडिलांनी मध्ये हात घातला नाही, सोफ्याची मोठी उशी दोघांच्या मधोमध सरकवली, हे फार बरं केलं. अशा वेळी हाताला होणारा चावा खोल असतो आणि लवकर चिघळतो. मनीने ती रात्र कपाटावर काढली.

दुसऱ्या दिवशी, घरात आरती चालू असताना, मुलाच्या लक्षात आलं की सोन्या सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतोय आणि काहीच होत नाहीये. मग बाथरूमच्या फरशीवर गुलाबी थेंब दिसले. आईने फोन केला तेव्हा मी एकच सांगितलं, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्या. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तो पूर्ण तुंबला तर एक-दोन दिवसांत मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं. बद्धकोष्ठ असेल, उद्या बघू, असं म्हणायची ही वेळ नव्हती.

सुदैवाने मार्ग तुंबलेला नव्हता. मूत्राशयाला सूज होती. सोनोग्राफीत खडे दिसले नाहीत, लघवीच्या तपासणीत जंतुसंसर्गही नाही. तरुण आणि मध्यमवयीन मांजरांत ही तक्रार बऱ्याचदा अशीच निघते, आणि ताण हे तिचं एक मोठं कारण असतं. डॉक्टरांनी वेदनाशामक दिलं, कोरडं खाणं कमी करून ओलं खाणं आणि पाणी वाढवायला सांगितलं, आणि विचारलं, "घरात अलीकडे काय बदललंय?"

तिसरा निर्णय: परत द्यायचं का?

त्याच रात्री टिकली ताईंकडे गेली. आता ती कायमची परत द्यायची का, हा प्रश्न होता. आईला मनीचं अपराधी वाटत होतं आणि सोन्याच्या आजाराची धास्ती बसली होती. माझं मत असं की पिल्लू परत देणं हा गुन्हा नाही. या वयाच्या पिल्लाला दुसरं घर मिळतं, आणि जुन्या मांजरांची तब्येत पणाला लावून कुणी नवं मांजर ठेवू नये. हे मी त्यांना तसंच सांगितलं. पण सोबत आणखी एक सांगितलं: टिकली गेली तरी मनी आणि सोन्यामधलं बिनसलेलं आपोआप जुळणार नाही. ते काम दोन्ही वाटांवर करावंच लागणार होतं.

या टप्प्यावर सगळ्यात मोलाची गोष्ट सांगितली ती आजींनी. दुपारी घरात त्या एकट्याच असतात. त्या म्हणाल्या, "हा बाल्कनीच्या दारापर्यंत जातो, मशीन चालू असलं की माघारी फिरतो. असं मी रोज बघतेय." धुणं रोज दुपारी लागायचं. दाराआडच्या अनोळखी वासाचा ताण आणि त्यात तासन्‌तास लघवी धरून ठेवणं, दोन्ही एका मांजराच्या वाट्याला आलं होतं. डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर घरातच होतं, फक्त आजींना ते कुणी विचारलं नव्हतं.

तीन वाटा उरल्या. कायमचं परत देणं. दोन गट कायमचे वेगळ्या खोल्यांत ठेवणं, जे कागदावर सोपं आणि रोजच्या जगण्यात थकवणारं. किंवा सगळं पहिल्यापासून सुरू करणं, आणि सुरुवात सोन्याच्या खोलीपासून. कुटुंबाने तिसरी वाट धरली, दिवाळीपर्यंत बघू अशी मुदत घालून. ही मुदत मला फार शहाणपणाची वाटली. तिच्यामुळे कुणालाही रोज सकाळी उठून नव्याने निर्णय घ्यावा लागला नाही.

काय केलं

पाहुणे गेल्यावर छोटी बेडरूम सोन्याला परत मिळाली. खिडकी मोकळी, ट्रे जुन्या जागी. मनी मोठ्या बेडरूममध्ये. विसर्जनाचे ढोल थांबेपर्यंत दोघांची गाठच घातली नाही. मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांच्या वाट्या, रोज थोड्या थोड्या जवळ. दोघांच्या गालांवरून एकच मऊ फडकं फिरवायचं, कारण एकत्र राहणारी मांजरं अंगाला अंग घासून सगळ्यांचा मिळून एक वास तयार करतात आणि तोच आपलेपणाची खूण असतो. भांडणात, दवाखान्याच्या वाऱ्यांत तो वास हरवतो. काही दिवसांनी दोघं हॉलमध्ये एकत्र आली. मनी आधी दूर बसायची, मग सोफ्यावर आली.

ट्रे चार केले. जितकी मांजरं त्याहून एक जास्त, हा नियम त्यांनी मांजरांचा आकडा तीन धरून पाळला. पण आकड्यापेक्षा जागा महत्त्वाच्या. चारही ट्रे एका रांगेत ठेवले तर मांजराच्या लेखी ती एकच जागा, आणि एक दांडगं मांजर वाटेत बसलं की सगळ्यांचीच अडवणूक. म्हणून ट्रे वेगवेगळ्या कोपऱ्यांत, आणि मशीनजवळ एकही नाही. फरशी पुसायला फिनेल बंद केलं. फिनॉलसारखी रसायनं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत आणि पंजांवरून ती चाटली जातात. शिवाय त्या उग्र वासाने मांजरांनी घासून ठेवलेल्या सगळ्या खुणा रोज पुसल्या जात होत्या.

मग टिकली आली, ती मोठ्या बेडरूममध्ये. तोवर मनी पुन्हा हॉलमध्ये रमली होती, त्यामुळे ती खोली कुणाचीच हक्काची राहिली नव्हती. वडिलांनी पहाटेची झोप हॉलमध्ये पुरी केली. बारा आठवड्यांची झाल्यावर ताईंकडे असतानाच तिचा ट्रायकॅटचा दुसरा डोस झाला होता.

दाराला सुताराकडून लाकडी चौकट करून घेतली आणि तिला डासांच्या जाळीऐवजी पक्की तारेची जाळी लावली. जाळीवर जुनी चादर टाकलेली. आधी फक्त वास आणि आवाज, मग चादर खालून वीतभर वर, मग आणखी. दोन्ही बाजूंना आवडतं खाणं. पुढे कधी सरकायचं, हे सगळ्यात मागे राहिलेल्या मांजराने ठरवायचं. मनी खाणं सोडून टक लावून बघत राहिली की चादर पुन्हा खाली. सोन्या फिस्कारला तर चालेल, पण गुरगुरत एका जागी गोठला तर तो दिवस तिथेच संपला.

काही गोष्टी फसल्या. मांजरांना शांत करणारा गंध सोडणारा प्लग-इन डिफ्यूझर आणला, त्याने काही फरक पडलेला दिसला नाही. काही घरांत गुण येतो, इथे आला नाही. मुलाने एकदा टिकलीला उचलून मनीसमोर धरलं, तेव्हा मनीने तिला नाही, मुलालाच ओरबाडलं. उचललेल्या पिल्लाला मागे हटता येत नाही आणि मोठ्या मांजराला तो चालून आलेला धोका वाटतो. उकडलेल्या बांगड्याने तर तिघंही इतकी चेकाळली की जाळीवर आदळली. मग साधं चिकन बरं पडलं.

जाळी उघडली ती सोन्यासाठी आधी. टिकलीला मुलाने काठीच्या खेळण्यामागे पळवून पळवून दमवलेलं असायचं. पाच मिनिटं, मग पुन्हा जाळी. काही दिवसांत सोन्यानेच तिच्यासमोर लोळण घेतली.

परिणाम

दिवाळीपर्यंत सोन्या आणि टिकली दिवसभर कुस्ती खेळत होती. तो तिला मानेला धरून आडवी पाडायचा, ती किंचाळली की सोडून द्यायचा. भावंडांविना वाढलेल्या पिल्लाला चावा किती जोरात घ्यायचा याचा अंदाज नसतो. टिकलीला तो सोन्याने शिकवला, आणि मुलाच्या हातांवरचे ओरखडे कमी झाले. पहिल्यांदा माजावर यायच्या आत तिची नसबंदी झाली. शस्त्रक्रियेहून आल्यावर दवाखान्याच्या वासामुळे सोन्या तिच्यावर फिस्कारला, पण तोवर घरच्यांना काय करायचं हे माहीत होतं. दोन दिवस जाळी, आणि पुन्हा सगळं पूर्ववत.

मनीचं तसं झालं नाही. ती टिकलीला सहन करते. जवळ आली तर फिस्कारते, उठून कपाटावर जाते. तिथे तिच्यासाठी गादी आणि पाण्याची वाटी कायमची ठेवली आहे आणि टिकलीला वर चढता येऊ नये म्हणून शेजारची खुर्ची हलवली आहे. सोन्या आणि मनी एकाच सोफ्यावर झोपतात, मध्ये हातभर जागा सोडून. मनीने त्याचं डोकं चाटलेलं त्यानंतर कुणी पाहिलेलं नाही. आईला याचं अजून वाईट वाटतं, आणि त्यावर माझ्याकडे सांत्वन नाही.

पुढच्या मे महिन्यात घराला रंग काढला तेव्हा सोन्याला पुन्हा तोच त्रास झाला. या वेळी पहिल्याच दिवशी लक्षात आलं, कारण ट्रेमधले गोळे आता रोज मोजले जातात. ते काम आजींनी स्वतःकडे घेतलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

तारीख. गणपतीच्या तोंडावर पिल्लू आणणं हा सगळ्यात सहज टाळता येण्यासारखा भाग होता. विसर्जनानंतर आणलं असतं तर दार उघडायची घाईच उरली नसती. सणाच्या आधी दोन-तीन आठवडे मांजर घरी पाठवू नये, असं मला आता ठामपणे वाटतं.

खोली. मोठी बेडरूम पहिल्या दिवसापासून वापरायला हवी होती. तसं करताना मनीचा बाथरूममधला ट्रे हलवावा लागला असता, म्हणून पिल्लू यायच्या महिनाभर आधी हॉलमध्ये एक जादा ट्रे ठेवून मनीला त्याची सवय लावायची. बदल एकदम करण्याऐवजी दोन हप्त्यांत.

दोन पिल्लं एकत्र आणावीत का, हेही विचारलं जातं. भावंडं एकमेकांत खेळतात, मोठ्यांना त्रास कमी देतात, हे खरं आहे आणि एकट्या माणसाच्या रिकाम्या घरासाठी मी तेच सुचवते. इथे मात्र मी विरोध केला असता. चार मांजरं, एक बंद फ्लॅट आणि ताणाने आजारी पडणारा बोका, हे गणित जमलं नसतं.

आणि एक प्रश्न ज्याचं उत्तर घरातल्या प्रत्येकाचं वेगळं आहे: सोन्याला सोबत मिळाली, पण मनीला काय मिळालं? सोन्याशी रोज दोन वेळा मन लावून खेळलं असतं तर पिल्लाची गरज पडली असती का? वडिलांना वाटतं, नसती पडली. मुलाला हा प्रश्नच पटत नाही.

या प्रकरणानंतर आमच्याकडे दत्तक देण्याआधी कुटुंबाला घराचा साधा नकाशा काढायला सांगतात. त्यावर प्रत्येक जुन्या मांजराची झोपायची जागा, खायची जागा, ट्रे आणि बसायची खिडकी दाखवायची. शेवटी नवं पिल्लू पहिले दोन आठवडे कुठे राहील तिथे फुली मारायची. फुली एखाद्या खिडकीवर किंवा ट्रेवर पडली, तर आधी तिथलं काय हलवणार आणि कधीपासून, हे विचारतो. आणि दिवसभर घरात कोण असतं, हेही विचारतो, म्हणजे पुढचा फोन त्यांनाच करता येतो.